आधी स्वतः शिकलेल्या ताराबाई



शिक्षकदिन आला की आपण शिक्षकांना फुले देतो, चार चांगले शब्द बोलतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्यांच्याकडे तक्रारी घेऊन जातो. आपल्या धर्मग्रामातील काही घरांत शिक्षक आहेत, काही घरांत अंगणवाडी सेविका आणि मदतनीस आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या कामात किती बदल झाले, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. २०२० साली नवे शैक्षणिक धोरण आले. २०२१ पासून सेविकांच्या हातात पोषण ट्रॅकरचे ॲप आले. नवी पुस्तके, नवी प्रशिक्षणे, नवे तक्ते हे तर चालूच असते. बदल वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु बदलाचा हुकूम वरून येतो आणि तो निभावणारी व्यक्ती वर्गात एकटी उभी असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

म्हणून या रविवारी आपण एका थोर बाईंचे जीवन पाहू या. शाळेचे नेतृत्व करणाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांना बदलाच्या वाटेवर कसे सोबत न्यावे, हे ताराबाई मोडक यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलीने शिकावे, असे मानणारे हे घर होते. त्या काळी मुलींची शाळाच दुर्मिळ, मग कॉलेज तर दूरच. तरीही ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे विवाह होऊन त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. पती वकील होते. परंतु तो संसार टिकला नाही. एका लहान मुलीला घेऊन त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले. शंभर वर्षांपूर्वी पतीपासून वेगळ्या झालेल्या बाईकडे समाज कसा पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी त्यांना गुजरातेत राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळाले. पद मोठे होते, पगार चांगला होता, मान होता. मुलीला वाढवण्यासाठी याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण होते. पण तेथे काम करताना त्यांना गिजुभाई बधेका यांच्या प्रयोगाची माहिती मिळाली. गिजुभाईंनी वकिली सोडून भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. तेथे मुलांना मारत नसत, धाक दाखवत नसत. मुले स्वतःच्या हातांनी वस्तू हाताळत, गोष्टी ऐकत, गाणी म्हणत शिकत. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांवर ही पद्धत आधारलेली होती. मिशा असलेल्या गिजुभाईंना लोक प्रेमाने मिशाळ आई म्हणत, यावरून त्या बालमंदिराचे वातावरण लक्षात येते.

१९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करायला गेल्या. शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजची प्रमुख आता लहान मुलांबरोबर जमिनीवर बसून नवे काम शिकू लागली. आम्हाला त्यांच्या जीवनातील ही सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. पुढे त्यांनी शेकडो शिक्षिकांना जुनी पद्धत सोडायला सांगितले. तसे सांगण्याचा अधिकार त्यांनी येथे मिळवला. कारण जुनी पद्धत सोडताना काय वाटते, हे त्यांनी आधी स्वतः अनुभवले होते.

येथे आमचीही एक चूक कबूल करणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्यवस्थापनाची जबाबदारी आमच्याकडे होती. मूल्यमापनाची नवी पद्धत लागू झाली होती. आम्ही एक सूचनापत्र काढले, सर्व शिक्षकांच्या सह्या घेतल्या आणि काम झाले असे समजलो. सह्या सर्वांनी केल्या, विरोध कोणीच केला नाही. सहा महिन्यांनी कळले की शिक्षक रात्री जागून नोंदवह्या भरत होते आणि वर्गात मात्र काहीच बदलले नव्हते. निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी आम्हाला नम्रपणे सुचवले की फादरांनी एक आठवडा चौथीचा वर्ग घेऊन त्या नोंदी स्वतः कराव्यात. आम्ही तीनच दिवस घेतला आणि लाजलो. एका तासात चाळीस मुलांच्या नोंदी करणे शक्यच नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सॉक्रेटिसविषयी वाचले होते. त्याची आई सुईण होती आणि तो स्वतःच्या कामालाही सुईणीचेच काम मानत असे. सुईण दुरून हुकूम सोडत नाही, ती जवळ बसते. वाचलेली ही गोष्ट आम्हाला त्या चौथीच्या वर्गात समजली.

ताराबाई मात्र हे फार आधी ओळखून होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजराती भाषेत निघत होते. ते त्यांनी मराठीतही आणले. दूरच्या गावात नवी पद्धत वापरून पाहणारी शिक्षिका एकटी पडते. आजूबाजूचे हसतात, पालक शंका घेतात. अशा वेळी महिन्याला घरी येणारे एक मासिकही धीर देऊन जाते. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे मुलांच्या बालमंदिरासोबत शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोयही केली. मुलांसाठी नवी शाळा काढायची तर शिक्षकांसाठीही शाळा हवी, हा त्यांचा नियम होता.

खरी परीक्षा पुढेच होती. बालमंदिरे शहरात चालत होती, खाऊनपिऊन सुखी घरांतील मुले तेथे येत होती. साधने महाग होती. खेड्यातील गरीब मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना बेचैन करत होता. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ, समुद्राकाठचे हे गाव. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले होते आणि लगेच वैधव्य आले होते. त्यांनी जिद्दीने शिक्षण घेतले आणि पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिक्षिका होत्या. शहरातील व्यवस्थित शाळा सोडून त्या खेड्यात आल्या.

बोर्डीत पहिला अनुभव असा की शाळा उघडली तरी गरिबांची मुले येईनात. दुसऱ्या कोणी शिक्षिकांना दोष दिला असता, पटसंख्या वाढवण्याचा हुकूम काढला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गोष्टी, गाणी व खेळ. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणि फुले आली. त्या आपल्या भागात असत्या तर त्यांनी पळसाची पाने, करंजाच्या बिया आणि धानाच्या लोंब्या वापरल्या असत्या. शिक्षिकेच्या हाताशी जे आहे, त्यातूनच काम उभे करायचे. म्हणजे साधन नाही म्हणून ती अडून बसत नाही आणि साधन मोडेल म्हणून घाबरतही नाही. अंगणवाडी हा आपल्या तोंडी रुळलेला शब्द ताराबाईंच्या या कामातूनच आला, असे मानले जाते.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेले. तेथेही नवी अडचण होती. मोठी मुले गुरे चारायला जात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. तेव्हा गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात झोपले की थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शकत होती. वेळापत्रक शाळेने ठरवायचे आणि मुलांनी पाळायचे, हा क्रम येथे उलटा झाला.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि गावोगावी अंगणवाड्या उघडू लागल्या. ते पाहायला त्या नव्हत्या. मात्र कोसबाडचे काम थांबले नाही. अनुताईंनी ते पुढे जवळजवळ दोन दशके, १९९२ साली स्वतःच्या निधनापर्यंत, चालवले. एक माणूस गेला की संस्था कोसळते, हे आपण अनेकदा पाहतो. तेथे तसे झाले नाही, कारण अठ्ठावीस वर्षे दोघी बरोबर राबल्या होत्या आणि काम अनुताईंचेही झाले होते.

बंधू-भगिनींनो, मुंबई-कोलकाता महामार्ग आपल्या कोहमाऱ्यावरून जातो. जग किती वेगाने पुढे चालले आहे, हे आपल्याला त्या रस्त्याच्या कडेला उभे राहूनच दिसते. शाळेतही असाच वेग आला आहे. आपल्यापैकी जे मुख्याध्यापक आहेत, पर्यवेक्षिका आहेत, शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. नवा तक्ता सहकाऱ्यांच्या हातात देण्यापूर्वी तो एकदा स्वतः भरून पाहावा. नवी पद्धत सांगण्यापूर्वी एक दिवस स्वतः वर्ग घ्यावा. नवे काम देताना जुन्यातले कोणते काम कमी करणार, तेही सांगावे. ज्यांना वेळ लागतो, त्यांना आळशी म्हणू नये.

आणि आपण पालकांनी? या आठवड्यात मुलाला अंगणवाडीत किंवा शाळेत सोडताना पाच मिनिटे थांबू या. सेविकाताईंना, गुरुजींना, बाईंना विचारू या की काम कसे चालले आहे आणि आमची काही मदत होईल का. तक्रार सांगायला आपण नेहमीच जातो. एकदा असे विचारायलाही जाऊ या. आम्हीही जाणार आहोत.

आपले,
धर्मगुरू