अप्पासाहेब पटवर्धन : मैल्यातून ज्योत

'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले गेलेले सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी सफाई कामगारांच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईकामाची परवानगी नाकारली जाताच त्यांनी उपोषण आरंभले. येरवड्यात गांधीजींनीही त्यांना उपोषणाने साथ दिली. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीत गोपुरी आश्रम स्थापन केला. शेण व मैला बंद टाकीत कुजवून निघणाऱ्या मिथेनयुक्त वायूवर चूल पेटवावी आणि उरलेले खत शेतात न्यावे, हा त्यांचा ध्यास होता. देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी तो वारसा पुढे नेला. परभणी जिल्ह्यातील ताडकळस असो वा कोकणातील एखादी वाडी, जैवइंधनाचे हे सूत्र सर्वत्र सारखेच लागू पडते. अप्पासाहेबांच्या लेखी मात्र इंधनापेक्षा माणसाच्या डोक्यावरची मैल्याची पाटी उतरणे अधिक मोलाचे होते.