गुरुकुलाबाहेरचा चित्रकार : टॉम थॉमसन

चित्रकलेचे रीतसर शिक्षण जवळजवळ न घेतलेला टॉम थॉमसन (१८७७–१९१७) टोरोंटोच्या ग्रिप कंपनीत जाहिरातींची आरेखने करीत असे. १९१२ साली तो प्रथम अल्गोनक्विन पार्कला गेला. त्या वेळची त्याची चित्रे मला तरी भुरकटच वाटतात. पण साधारण ८ बाय १० इंचांची फळी मांडीवर घेऊन तो रानात रंगवीत राहिला आणि हात सुधारत गेला. १९१३ मध्ये ओंटारिओ सरकारने त्याचे ‘नॉर्दर्न लेक’ २५० डॉलरला घेतले. तरीही नोकरी सोडायला मन धजेना. तेव्हा वर्षभराच्या खर्चाची हमी दिली ती डॉ. जेम्स मॅक्कॅलम या नेत्रतज्ज्ञांनी. (आम्हा डॉक्टर मंडळींना तेवढाच अभिमान!) ‘द जॅक पाइन’ त्याने १९१६-१७ च्या हिवाळ्यात रंगवले. जुलै १९१७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, कनू लेकमध्ये त्याचा अंत झाला.