जॅकलिन कॉक्रन : आकाशातील विक्रम आणि एक हुकलेली निवडणूक

अमेरिकेच्या विमानविद्येच्या इतिहासात जॅकलिन कॉक्रन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत. वेगाचे, उंचीचे आणि अंतराचे अनेक विक्रम त्यांच्या नावावर जमा झाले. मात्र १९५६ साली अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाची जी एकमेव जागा त्यांनी लढविली, त्या जागेवर त्यांना पराभव पत्करावा लागला. त्यांना पराभूत करणारे उमेदवार पंजाबमधील एका खेड्यात जन्मलेले दलिपसिंग सौंद होते. त्यामुळे कॉक्रन यांच्या जीवनातील हा प्रसंग भारतीय वाचकांनाही जवळचा वाटतो.

जॅकलिन यांचा जन्म १९०६ साली फ्लोरिडा राज्यात झाला. त्यांचे मूळ नाव बेसी ली पिटमन. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने बालवयातच त्यांना कापड गिरणीत मजुरी करावी लागली. शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. पुढे त्यांनी केशरचनेचे काम शिकून घेतले. किशोरवयातच त्यांचा विवाह रॉबर्ट कॉक्रन यांच्याशी झाला. या विवाहातून झालेला मुलगा लहानपणीच दगावला आणि विवाहही टिकला नाही. या काळाविषयी त्या क्वचितच खरे सांगत. आपण अनाथ असून आडनाव दूरध्वनी निर्देशिकेतून निवडले, असे त्या सांगत असत. प्रत्यक्षात ते आडनाव त्यांच्या पहिल्या पतीचे होते आणि पिटमन कुटुंबाशी त्यांचे रक्ताचे नाते होते, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले.

न्यूयॉर्कमधील एका प्रतिष्ठित केशरचना केंद्रात काम करीत असताना १९३२ साली त्यांची ओळख धनाढ्य उद्योगपती फ्लॉइड ऑडलम यांच्याशी झाली. सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय करावयाचा असेल आणि देशभर फिरावयाचे असेल तर विमान चालविणे शिकावे, असा सल्ला ऑडलम यांनी दिला. कॉक्रन यांनी अवघ्या तीन आठवड्यांत वैमानिकाचा परवाना मिळविला. त्यानंतर त्यांनी सौंदर्यप्रसाधनांचा उद्योगही उभारला आणि १९३६ साली ऑडलम यांच्याशी विवाह केला. १९३८ साली पुरुष वैमानिकांशी स्पर्धा करून त्यांनी बेंडिक्स ही खंडपार विमान शर्यत जिंकली.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांच्या कर्तृत्वाला व्यापक क्षेत्र लाभले. जून १९४१ मध्ये बॉम्बफेकी विमान अटलांटिक महासागरापलीकडे ब्रिटनला नेणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुरुष वैमानिकांनी आक्षेप घेतल्यामुळे उड्डाण आणि अवतरण मात्र सहवैमानिकाच्या हाती सोपवावे लागले. १९४३ मध्ये अमेरिकेत महिला वैमानिकांचे दल स्थापन झाले, तेव्हा त्याचे नेतृत्व कॉक्रन यांच्याकडे आले. २५ हजारांहून अधिक महिलांनी या दलासाठी अर्ज केले होते. त्यांपैकी १,०७४ जणींनी प्रशिक्षण पूर्ण केले. नवी विमाने तळांवर पोहोचविणे, दुरुस्त विमानांची चाचणी घेणे आणि तोफखान्याच्या सरावासाठी लक्ष्य ओढून नेणे ही कामे या महिला करीत. सेवेत असताना ३८ जणींना प्राण गमवावे लागले. तरीही डिसेंबर १९४४ मध्ये हे दल बरखास्त करण्यात आले. या महिलांना सैनिकाचा अधिकृत दर्जा मिळण्यासाठी १९७७ साल उजाडावे लागले.

१८ मे १९५३ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील कोरड्या सरोवरावरून कॉक्रन यांनी सेबर जेट विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली. १९४७ साली प्रथम हा पराक्रम करणारे चक येगर त्यांचे मार्गदर्शक होते.

राजकारणात कॉक्रन रिपब्लिकन पक्षाच्या निष्ठावंत होत्या. खासगी उद्योगाचा पुरस्कार, बलाढ्य संरक्षणदल आणि साम्यवादाला ठाम विरोध ही त्या पक्षाची तत्कालीन भूमिका त्यांना मान्य होती. १९५२ साली जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांनी अध्यक्षपदासाठी उभे राहावे, यासाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठी सभा झाली. तिच्या आयोजनात कॉक्रन यांचा पुढाकार होता. सभेचे चित्रण घेऊन त्या पॅरिसला गेल्या आणि तेथे असलेल्या आयझेनहॉवर यांना ते दाखविले. ते पाहून जनरल गहिवरले, असे सांगितले जाते. पुढे अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवर यांचा ऑडलम दांपत्याशी दीर्घकाळ स्नेह राहिला.

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या २९व्या मतदारसंघातील रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन फिलिप्स यांनी निवृत्त होण्याचा निर्णय घेतला. रिव्हरसाइड आणि इम्पिरियल या दोन जिल्ह्यांचा हा विस्तीर्ण, वाळवंटी आणि कालव्यांच्या पाण्यावर पिकणारा प्रदेश. कॉक्रन यांचे इंडिओ येथील निवासस्थान याच मतदारसंघात होते. त्यांनी उमेदवारी जाहीर केली. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. तो प्राथमिक निवडणुकीत मतदारांकडून निवडला जातो. या पहिल्या फेरीत कॉक्रन यांच्यासमोर पाच पुरुष प्रतिस्पर्धी होते. त्या सर्वांना मागे टाकून त्यांनी रिपब्लिकन उमेदवारी मिळविली.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत दलिपसिंग सौंद विजयी झाले. १८९९ साली पंजाबातील छज्जलवड्डी येथे जन्मलेले सौंद १९२० साली शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. बर्कले येथे त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. परंतु भारतीयांना तेथे नागरिकत्व मिळत नसल्यामुळे शिक्षणाला साजेशी नोकरी दुरापास्त होती. ते इम्पिरियल खोऱ्यात शेती करू लागले. भारतीयांना नागरिकत्व देणारा कायदा व्हावा यासाठी त्यांनी चळवळ केली. हा कायदा १९४६ साली संमत झाला आणि १९४९ साली ते अमेरिकी नागरिक झाले. १९५० साली ते स्थानिक न्यायाधीशपदी निवडून आले, मात्र नागरिकत्वाला वर्ष पूर्ण न झाल्याने ती निवड रद्द ठरली. १९५२ साली ते त्याच पदावर पुन्हा निवडून आले. १९५६ मध्ये पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याने त्यांच्या पात्रतेला न्यायालयात आव्हान दिले. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला किमान सात वर्षांचे नागरिकत्व आवश्यक असते. शपथविधीपर्यंत सौंद यांची सात वर्षे पूर्ण होणार होती. न्यायालयाने आव्हान फेटाळले.

अशा रीतीने एका बाजूला जगप्रसिद्ध वैमानिक महिला आणि दुसऱ्या बाजूला भारतात जन्मलेला शेतकरी असा सामना झाला. देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष या मतदारसंघाकडे वेधले गेले. कॉक्रन स्वतः विमान चालवीत गावोगावी प्रचारासाठी जात. पैसा, प्रसिद्धी आणि राष्ट्राध्यक्षांचा स्नेह त्यांच्या पाठीशी होता. सौंद आणि त्यांच्या कुटुंबीयांनी घरोघरी जाऊन मतदारांची नोंदणी केली. शेतमालाच्या भावाचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडला. त्यांच्या परकीय जन्माचा मुद्दा प्रचारात उपस्थित झाला, परंतु तो निर्णायक ठरला नाही.

६ नोव्हेंबर १९५६ रोजी मतदान झाले. त्या दिवशी आयझेनहॉवर यांनी कॅलिफोर्नियासह देशभर मोठा विजय मिळविला. तरीही २९व्या मतदारसंघात सुमारे ५१ टक्के मते घेऊन सौंद निवडून आले. दोघांमधील अंतर साडेतीन हजार मतांहून कमी होते. सौंद हे अमेरिकी संसदेत निवडून गेलेले पहिले आशियाई वंशाचे, पहिले भारतीय वंशाचे आणि पहिले शीख सदस्य ठरले. कॉक्रन यांना हा पराभव जिव्हारी लागला. त्यानंतर त्यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही.

त्यांची उड्डाणे मात्र थांबली नाहीत. १९६४ साली त्यांनी ताशी १,४२९ मैल वेगाने विमान चालविले. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांच्या आसपास होते. महिलांना अंतराळात पाठविण्याच्या प्रश्नावर त्यांची भूमिका मात्र वादग्रस्त ठरली. अंतराळवीरांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या देणाऱ्या महिला वैमानिकांचा काही खर्च ऑडलम दांपत्यानेच उचलला होता. परंतु जुलै १९६२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष देताना कॉक्रन यांनी या बाबतीत घाई करू नये, असे मत मांडले. ज्या सभागृहात त्या सदस्य म्हणून बसू इच्छीत होत्या, तेथे त्या साक्षीदार म्हणून उभ्या होत्या, आणि ती साक्ष महिला वैमानिकांच्या मागणीला मारक ठरली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाच्या व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात गेल्या. पहिली अमेरिकी महिला अंतराळात जाण्यास १९८३ साल उजाडले.

सौंद तीन वेळा निवडून आले. १९६२ साली पक्षाघाताचा झटका आल्याने त्यांची राजकीय कारकीर्द संपली आणि १९७३ साली त्यांचे निधन झाले. कॉक्रन यांचे ९ ऑगस्ट १९८० रोजी इंडिओ येथे निधन झाले.

रिव्हरसाइड जिल्ह्यातील थर्मल येथील विमानतळाला जॅकलिन कॉक्रन यांचे नाव देण्यात आले आहे. त्याच जिल्ह्यातील टेमेक्युला येथील टपाल कार्यालयाच्या इमारतीला दलिपसिंग सौंद यांचे नाव आहे. १९५६ साली ज्या मतदारांनी या दोघांपैकी एकाची निवड केली, त्यांच्याच भूमीवर आज दोघांचीही स्मृती जतन केली गेली आहे.