कोसबाडच्या टेकडीवरची मैत्री



मिस्सा संपल्यावर आपली ज्येष्ठ मंडळी थोडा वेळ थांबून बोलत असतात. वय वाढते तशी बरोबरीची माणसे कमी होतात, ही खंत त्यांच्या बोलण्यात असते. म्हणून आज आपण आपल्याच डहाणू तालुक्यात २८ वर्षे टिकलेली एक मैत्री आठवू या.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. पुढे त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. बालशिक्षणात नावाजलेल्या ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या, तर अनुताई ३५ वर्षांच्या. ताराबाई बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी बालवाडी काढणार होत्या. अनुताई त्यांच्याबरोबर आल्या त्या कायमच्याच.

आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या पाड्यावर गेली. घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. शिंपले, बिया, पाने, खडे हीच खेळणी झाली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

दोघींच्या वयात १८ वर्षांचे अंतर होते. एक गुरू, तर दुसरी शिष्या. तरी रोजचे काम एक असल्यामुळे त्यांची सोबत कधी जुनी झाली नाही. नव्याची हौसही सुटली नाही. अनुताई बी.ए. झाल्या त्या पन्नाशीच्या सुमारास, डोळे अधू झालेले असताना.

१९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. थकून परत जाण्याचे ते वय. पण त्या कोसबाडलाच राहिल्या आणि मैत्रिणीचे काम त्यांनी आणखी १९ वर्षे, म्हणजे १९९२ साली स्वतःचे निधन होईपर्यंत चालवले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मैत्री जुनी आहे एवढ्यानेच ती टिकत नाही. तिला बरोबर करायला काहीतरी लागते, मग ती शेजारच्या मुलांची शिकवणी असो की वाडीतल्या झाडांना घातलेले पाणी. गुडघे दुखतात म्हणून चर्चला येऊ न शकणारे आपल्यापैकी कोणाचे तरी मित्र, कोणाची तरी मैत्रीण घरी बसून असेल. या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊ या. तब्येतीची चौकशी तर करूच, पण एखादे छोटे काम त्यांच्यासोबत हाती घेऊ या.