थंडीत जुना ट्रक का अडतो? उत्तर रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात

यवतमाळात थंडीच्या पहाटे जुना ट्रक कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही. कारण सापडतं रुडॉल्फ डिझेलच्या कल्पनेत.

१८५८ ला पॅरिसमध्ये जर्मन कुटुंबात जन्मलेल्या या इंजिनिअरला वाफेच्या इंजिनात वाया जाणारी उष्णता खटकायची. त्याने ठिणगीच काढून टाकली. हवा इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल. १८९७ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये हे इंजिन यशस्वी झालं. १९१३ ला इंग्लंडला जाताना तो बोटीवरून गायब झाला. डिझेल ट्रक आले ते त्यानंतर, १९२० च्या दशकात.

रिंगा झिजल्या की दाब घटतो, थंडीत उष्णता कमी पडते. सेल्फ मारताना पांढरा धूर आला, तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल, तर आधी फिल्टर आणि पाइपात शिरलेली हवा तपासा.