राजाला वेडं ठरवणारे कागद : कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांची गोष्ट

टिळक आणि आगरकर १८८२ साली १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, हे आपण शाळेत शिकलोय. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि दोघांना शिक्षा झाली, एवढंही बऱ्याच जणांना आठवतं.

पण हा सगळा वाद ज्यांच्यावरून झाला, ते कोण होते? त्यांचं पुढं काय झालं?

ते होते कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज. २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते फक्त वीस वर्षांचे होते. त्याआधीच सरकारदरबारी त्यांच्या नावापुढं एक शब्द कायमचा लिहिला गेला होता. तो शब्द होता वेडे.

सुरुवात होते १८७० पासून. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० ला ते वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यामुळं १८७१ मध्ये भोसले घराण्यातल्या नारायणराव नावाच्या मुलाला दत्तक घेण्यात आलं. १८६३ चा जन्म, म्हणजे वय अवघं आठ वर्षं. दत्तकविधानानंतर त्याचं नाव शिवाजी ठेवलं आणि गादीवर बसवलं.

राजा लहान असला की संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या हातात जायचा. कोल्हापुरात पोलिटिकल एजंट होता, त्याच्या हाताखाली दिवाण होता. छोट्या महाराजांनी काय शिकायचं, कुणाला भेटायचं, कुठं जायचं हे ठरवणारी माणसंही त्यांनीच नेमलेली.

सुरुवातीची काही वर्षं सगळं ठीक चाललेलं दिसतं. १८७७ च्या दिल्ली दरबारात महाराजांना सरकारनं मोठा किताबही दिला. तेव्हा त्यांना चौदावं वर्षही पुरतं लागून संपलं नव्हतं.

पुढच्या चार-पाच वर्षांत मात्र चित्र बदललं. महाराजांची मनःस्थिती बिघडली आहे, असं सरकारी पातळीवर बोललं आणि लिहिलं जाऊ लागलं. तिकडं पुण्यात वेगळीच चर्चा होती. महाराजांना मुद्दाम छळलं जातंय, त्या छळानं त्यांना वेडाकडं ढकललं जातंय, असं लोक म्हणत होते.

मग त्यात वर्तमानपत्रं उतरली.

केसरी आणि मराठा ही पत्रं १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली होती. त्यांनी महाराजांची बाजू घेतली आणि बर्व्यांवर गंभीर आरोप केले. आरोपांना आधार होता काही पत्रांचा. ती पत्रं बर्व्यांचीच आहेत, असं सांगितलं जात होतं. बर्वे कोर्टात गेले. तिथं पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ ला त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. चांगल्या वागणुकीमुळं २६ ऑक्टोबरला दोघं सुटले. लोकांनी त्यांचं जोरदार स्वागत केलं आणि महाराष्ट्राच्या राजकारणाला दोन नायक मिळाले.

महाराजांना काय मिळालं?

त्याच १८८२ साली कोल्हापूरच्या कारभारासाठी रीजन्सी कौन्सिल नेमलं गेलं. कागलचे आबासाहेब घाटगे त्याचे प्रमुख झाले. म्हणजे एकोणीस वर्षांचा राजा जिवंत होता, गादी त्याच्याच नावावर होती, पण राज्य चालवण्याचा हक्क गेला. आधी कारण होतं वय. आता वय झालं, तर कारण झालं मन.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंग्रजांनी १८५८ मध्येच आपल्या मुलखासाठी कायदा केला होता. मालमत्ता असलेल्या माणसाला वेडं ठरवायचं असेल, तर दिवाणी कोर्टानं रीतसर चौकशी करायची, असं त्यात होतं. कोल्हापूर मात्र संस्थान होतं आणि संस्थानाच्या राजाचं भवितव्य सरकारच्या दफ्तरात ठरायचं. अहवाल खालून वर जायचे, हुकूम वरून खाली यायचे. ज्याच्याबद्दल हे लिहिलं जायचं, त्याला ते वाचून त्यावर दाद मागायची सोय नव्हती.

पुढं महाराजांना अहमदनगरला नेलं. सोबत होता ग्रीन नावाचा गोरा शिपाई. छत्रपतींच्या देखभालीसाठी सैनिक ठेवला होता, यावरूनच त्यांना रुग्ण मानलं जात होतं की कैदी, याचा अंदाज येतो. नाताळच्या दिवशी त्या ग्रीनशी महाराजांची झटापट झाली. पांथरी फुटून महाराज गेले, अशी सरकारी नोंद आहे. आधीचे अहवाल ज्या सरकारचे, मृत्यूची ही नोंदही त्याच सरकारची.

मार्च १८८४ मध्ये राणी आनंदीबाईंनी आबासाहेब घाटग्यांचा मुलगा यशवंतराव याला दत्तक घेतलं. तेच राजर्षी शाहू महाराज. पुढचा इतिहास एवढा मोठा आहे की चौथे शिवाजी महाराज त्याच्या आधीचं एक छोटंसं पान होऊन राहिले.

महाराज खरंच आजारी होते का? यावर तेव्हाही मतभेद होते आणि आज १४० वर्षांनंतर निदान करणं शक्य नाही. पण समजा, ते आजारी होते. तरीही त्यांच्यावर अन्याय झालाच. कारण आजारी माणसाला उपचार हवे असतात, पहारा नव्हे.

जरा तुलना करून बघा. फ्लॉरेन्सला वारलेल्या राजाराम महाराजांची युरोप दौऱ्याची डायरी १८७२ मध्ये छापली गेली. त्यांना काय दिसलं, काय वाटलं, हे आपण आज वाचू शकतो. चौथ्या शिवाजींबद्दल आपण वाचतो ते सरकारी अहवाल, कोर्टातला वाद आणि वर्तमानपत्रातले लेख. यातल्या प्रत्येकानं त्यांच्या मनाबद्दल काही ना काही लिहिलं. सरकारनं त्यांच्या विरोधात लिहिलं, केसरीनं त्यांच्या बाजूनं. पण हे सगळं लिहिताना महाराजांची संमती कुणी घेतली असेल, असं वाटत नाही.

म्हणजे सगळा प्रकार उलटा झाला. महाराजांच्या मनाची नोंद जगासाठी उघडी होती आणि खुद्द महाराजांसाठी बंद.

आज कायदा काय सांगतो?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हीच गोष्ट सरळ करायला बघतो. कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. त्याला अपवाद आहेत, जसं की कुणाच्या जिवाला धोका असणं किंवा कोर्टाचा आदेश असणं. कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदी बघण्याचा हक्क आहे. एखादी माहिती त्याला गंभीर मानसिक धक्का देईल किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वाटलं, तर डॉक्टर तेवढी रोखू शकतात. पण त्याविरुद्ध मंडळाकडं अर्ज करता येतो आणि हे रुग्णाला सांगावंच लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं आहे कलम ३. पूर्वी कधी उपचार घेतले किंवा दवाखान्यात भरती होता, एवढ्यावरून कुणाला आज मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. आणि आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्यानं विकल मनाचा ठरत नाही. ते ठरवणार सक्षम कोर्ट.

हा फरक कागदी नाही. कोर्टानं विकल मनाचा ठरवलं तर मतदार यादीतून नाव जातं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार काही अटींवर घटस्फोटाचं कारण होऊ शकतो, त्यामुळं जुनी फाईल कोर्टात पुरावा म्हणून पुढं येऊ शकते.

आता उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावाचा विचार करा. इथं फाईल फुटायचीही गरज नसते. अमक्याला मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर केसपेपर घेऊन उभं असलेलं कुणीतरी पाहिलं, एवढं पुरतं. मुलाचं लग्न ठरवताना, शेताची वाटणी करताना ती गोष्ट पुन्हा निघते. त्या भीतीनं लोक दवाखान्यात जायचंच टाळतात आणि आजार वाढतो.

म्हणून तुमच्या घरात कुणी उपचार घेत असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती माहिती चारचौघांत सांगायची की नाही, हे त्या माणसानं ठरवायचं. आणि त्याच्याबद्दल डॉक्टरांनी काय लिहिलंय, हे विचारायचा पहिला हक्क त्याचा आहे. चौथ्या शिवाजी महाराजांकडं गादी होती, किताब होता, त्यांच्यासाठी तुरुंगात जाणारे संपादक होते. हे दोन हक्क मात्र नव्हते.