नाव लपवणारा लेखक

झुइडासच्या स्टेशनवरून मेट्रो पकडली की काचेच्या उंच इमारती मागे पडतात आणि थोड्याच वेळात कालव्यांचं जुनं अ‍ॅमस्टरडॅम येतं. तिथं १६८५ मध्ये एक इंग्रज माणूस लपून राहत होता. तो आपलं नाव डॉक्टर व्हान डर लिंडन असं सांगायचा. खरं नाव जॉन लॉक.

लॉकचा जन्म १६३२ चा. तो लहान असतानाच इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. वडील पार्लमेंटच्या बाजूने लढले. १६४९ मध्ये लंडनमध्ये राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा सोळा वर्षांचा लॉक जवळच्याच शाळेत शिकत होता.

पुढे तो वैद्यकी शिकला आणि लॉर्ड शाफ्ट्सबरीकडे राहू लागला. राजाचा भाऊ जेम्स गादीवर येऊ नये, म्हणून या लॉर्डने खूप खटपट केली. जमलं नाही! तो अ‍ॅमस्टरडॅमला पळाला आणि १६८३ मध्ये तिथंच वारला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये धरपकड सुरू झाली. लॉकही हॉलंडला निघून आला.

१६८५ मध्ये जेम्स राजा झालाच. त्याच्या वकिलाने डच सरकारला एक यादी दिली. ही माणसं आमच्या ताब्यात द्या, अशी मागणी केली. यादीत लॉकचं नाव होतं. डॉक्टर वेन यांनी त्याला घरात लपवलं. तिथं त्याने मित्र लिंबोर्खसाठी एक मोठं पत्र लिहिलं: धर्माच्या बाबतीत सरकारने जबरदस्ती करू नये. (कॅथलिक आणि नास्तिक मात्र त्याला चालत नव्हते बरं का.)

१६८८ मध्ये हॉलंडचा विल्यम सैन्य घेऊन इंग्लंडला गेला. जेम्स पळाला. विल्यमची बायको मेरी, म्हणजे जेम्सचीच मुलगी, फेब्रुवारी १६८९ मध्ये निघाली. त्याच जहाजात लॉक होता. त्या वर्षी कायदा झाला: पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाला कर लावता येणार नाही.

मग लॉकचं पुस्तक आलं. सत्ता लोकांच्या संमतीने मिळते, विश्वास मोडला तर राज्यकर्त्याला काढता येतं, असं त्यात होतं. याच माणसाने गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते! हे मला अजून पचत नाही.

पुस्तकावर नाव नव्हतं. ते पत्रही बिननावाचंच छापलं होतं. लिंबोर्खने लेखक कोण ते सांगून टाकलं, तेव्हा लॉक त्याच्यावर फार चिडला. १६०४ नव्हे, १७०४ मध्ये तो वारला. पुस्तक आपलंच, हे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.